वणवा, राब आणि जाळरेषा : रानातील जळणाचे व्यवस्थापन आणि त्याची परिभाषा

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना बेंजामिन ली व्होर्फ हे नाव होपी भाषेच्या संदर्भात परिचित असते. ते पोटापाण्याच्या व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ नव्हते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते. रसायन-अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१९ साली ते हार्टफर्ड अग्निविमा कंपनीत दाखल झाले आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आगी कशा लागतात याची तपासणी करणे हे त्यांचे रोजचे काम होते. १९३९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी या अनुभवातील काही उदाहरणे दिली आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेट्रोलच्या पिंपांचे होय. भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात. 'रिकाम्या' पिंपांजवळ ते बेफिकिरीने विडी ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ कोंडलेली असल्यामुळे तेच अधिक घातक असते. 'रिकामे' या शब्दाने त्या पिंपात काही उरलेले नाही असा समज होतो आणि वर्तन त्या समजाला अनुसरून घडते.

या उदाहरणावरून भाषा विचारास पूर्णपणे बांधून ठेवते असा सिद्धान्त उभारणे योग्य नव्हे. तसे करणाऱ्यांवर पुरेशी टीका होऊन गेली आहे. तथापि एक मर्यादित गोष्ट त्यातून निश्चित दिसते : धोक्याचे वर्गीकरण करणारा शब्द चुकीचा किंवा अपुरा असेल, तर सावधगिरीही चुकीच्या ठिकाणी खर्च होते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एका अत्यंत व्यावहारिक विषयाचा विचार करावयाचा आहे. रानालगतच्या ग्रामीण प्रदेशात वणव्याचा धोका कमी करण्यासाठी तेथील गवत, झुडपे आणि पालापाचोळा यांची व्यवस्था कशी लावावी, हा तो विषय. तो वनशास्त्राचा आहे हे खरे. परंतु त्यातील काही मोठ्या चुका शब्दांच्या मार्गाने शिरल्या आहेत, आणि त्या दुरुस्त करण्याचे काही काम आपल्याही वाट्यास येते.

प्रथम मूळ वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. रानातील आगीचा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : हवामान, जमिनीचा उतार आणि जळण. 'इंधन' या शब्दाने हेतुपुरस्सर आणलेल्या वस्तूचा बोध होतो. म्हणून रानात आपोआप साचणाऱ्या शुष्क वनस्पतिद्रव्यास येथे 'जळण' असे म्हटले आहे. वारा आणि उष्मा माणसाच्या हाती नाहीत. उतारही नाही, दर दहा अंश चढास आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम वनाधिकारी वापरतात. म्हणजे माणसाच्या हाती राहते ते केवळ जळण. जळणाचे प्रमाण, त्याचा ओलावा, त्याची सलगता आणि त्याची उंची या चारही गोष्टी काही अंशी बदलता येतात. गवत कापून किंवा चारून प्रमाण घटते. पट्टे मोकळे केल्याने सलगता तुटते. झुडपे छाटल्याने जमिनीवरील ज्वाला शेंड्यापर्यंत चढण्याची शिडी निघून जाते. आणि कोणत्या महिन्यात जाळावयाचे हे ठरवून जळणातील ओलाव्याची निवड करता येते.

१९५९ साली जॉर्ज बायरम यांनी आगीच्या तीव्रतेचे एक साधे समीकरण मांडले. जळणाच्या एका किलोग्रॅमची उष्णता, दर चौरस मीटरवरील जळणाचे वजन आणि आग पुढे सरकण्याचा वेग या तिहींचा गुणाकार केला म्हणजे अग्निरेषेच्या प्रत्येक मीटरमागे दर सेकंदास बाहेर पडणारी उष्णता मिळते. उदाहरणार्थ, एका चौरस मीटरवर अर्धा किलो सुके गवत असेल, त्याची उष्णता किलोमागे १८,००० किलोजूल धरली आणि आग सेकंदास २० सेंटिमीटर या गतीने सरकत असेल, तर ही तीव्रता मीटरमागे १,८०० किलोवॉट भरते. तेच गवत अधिक वाळले, वारा सुटला आणि वेग चौपट झाला, तर ती ७,२०० वर जाते. हा हिशेब कागदी नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलियातील काकडू राष्ट्रीय उद्यानात कपाल्गा येथे १९९० च्या सुमारास काही वर्षे जाळणीचे मोठे प्रयोग झाले. त्यांत कोरड्या ऋतूच्या आरंभी लावलेल्या आगींची सरासरी तीव्रता मीटरमागे सुमारे २,१०० किलोवॉट आणि ऋतूच्या अखेरीस लावलेल्यांची सुमारे ७,७०० किलोवॉट आढळली. रान तेच, गवत तेच, काडी लावणारे हातही तेच. फरक केवळ महिन्याचा.

या महिन्याच्या फरकाला ज्या समाजाने आपल्या भाषेत नीट जागा दिली आहे, त्याचा परिचय आता करून घेऊ. कपाल्गाच्या पूर्वेस पश्चिम आर्नहेम लँडचे वालुकाश्माचे पठार आहे. तेथील मूळ रहिवासी बिनिञ् कुन्वोक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोलीसमूहातील भाषा बोलतात. त्यांपैकी कुन्विञ्कु ही सर्वांत प्रसिद्ध. (या भाषांतील अनुनासिके लिहिताना आपल्या लिपीतील ञ आणि ङ यांना प्रथमच काही काम मिळाल्यासारखे वाटते.) युरोपीय वसाहतवाल्यांना या प्रदेशात दोनच ऋतू दिसले, ओला आणि कोरडा. बिनिञ् लोक सहा मानतात. वर्षाअखेरच्या वळवाच्या दिवसांचा कुनुमेलेङ, ऐन पावसाळ्याचा कुजेव्क, एप्रिलच्या सुमारास उंच गवत लोळवणाऱ्या वादळांचा बङ्केरेङ, मे ते जूनच्या मध्यापर्यंतचा धुक्याचा व थंडाव्याचा येक्के, त्यानंतरचा थंडीचा वुर्केङ आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा होरपळणारा कुरुङ.

जाळणीचा आरंभ येक्केत होतो. वारे कोरडे वाहू लागतात, डार्विन वुलीबट नावाच्या निलगिरीच्या जातीला फुले येतात, आणि आता रान तुकड्यातुकड्यांनी पेटवावे असा तो संकेत मानला जातो. बङ्केरेङच्या वादळांनी लोळवलेले गवत वरून वाळलेले, पण ओहोळाकाठी आणि सावलीत अद्याप ओले असते. लावलेली आग ओल्या जागेपर्यंत जाते आणि थांबते. रात्री दव पडले की उरलेलीही विझते. परिणामी जळलेल्या आणि न जळलेल्या तुकड्यांचे ठिगळकाम तयार होते. पुढे कुरुङमध्ये वीज पडून वा माणसाच्या हातून आग लागली, तरी तिला धावण्यास सलग मैदान मिळत नाही. याच कारणाने ऋतूच्या उत्तरार्धात ठराविक जागी कांगारूच्या शिकारीसाठी मोठी आग लावणेही पूर्वी शक्य होत असे. कारण भोवतालचा प्रदेश आधीच जाळून ठेवलेला असे. म्हणजे एकाच महिन्यातील दोन आगींपैकी एक विहित आणि दुसरी अनर्थकारक ठरू शकते. त्यांतील भेद ज्वालेत नसून आधी केलेल्या किंवा न केलेल्या कामात असतो.

भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. कुन्विञ्कुमध्ये नामांचे चार वर्ग असून ते उपसर्गांनी दर्शविले जातात : पुरुषवाचक, स्त्रीवाचक, वनस्पतिवाचक आणि शेष. चुलीतील विस्तव किंवा सरपण यासाठी 'कुनाक' हा शब्द आहे; त्यास शेषवर्गाचा 'कुन्' हा उपसर्ग लागतो. रानात पसरणाऱ्या आगीसाठी 'मन्वुर्क' हा निराळा शब्द असून त्यास वनस्पतिवर्गाचा 'मन्' लागतो. यावरून हे लोक रानातील आगीला वनस्पती समजतात असे अनुमान काढणे पोरकटपणाचे होईल. मराठीत 'आग' स्त्रीलिंगी आणि 'वणवा' पुल्लिंगी आहे म्हणून आपण काही तसे मानीत नाही. महत्त्वाचे आहे ते दोन वेगळ्या धातूंचे शब्द असणे. भाषाशास्त्रज्ञ मरे गार्ड यांनी या प्रदेशातील अग्निविषयक शब्दसंपत्तीचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. ऋतू, भूभाग, वनस्पती आणि जाळण्याचा हेतू यांना अनुसरून तेथे किती बारीक भेद शब्दबद्ध झाले आहेत, हे त्यावरून कळते. आपल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यास पद्धतीच्या दृष्टीनेही पाहावा, कारण तेथे कोश आणि प्रत्यक्ष कर्म यांची फारकत केलेली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पठार जवळजवळ निर्मनुष्य झाले. १९२५ साली ओएनपेल्ली येथे मिशन निघाले, १९५७ साली मानिंग्रिडाची वसाहत झाली. लोक काही स्वेच्छेने, काही नाइलाजाने तिकडे गेले. पठारावर जाळणारे कोणी उरले नाही. आता पाश्चात्त्य वनसंरक्षणाच्या जुन्या कल्पनेप्रमाणे पाहिले तर रान सुरक्षित झाले असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात घडले ते उलट. गवत वर्षानुवर्षे सलग वाढत राहिले आणि ऋतूच्या अखेरीस लागणाऱ्या आगी शेकडो चौरस किलोमीटर भस्म करू लागल्या. सायप्रस पाइनची स्थानिक जात तीव्र आगीत मरते आणि जाळून टाकलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. तिची वाळलेली खोडे त्या काळाची साक्ष देत उभी राहिली. व्होर्फ यांच्या रिकाम्या पिंपाचे हे रानातील रूप म्हणता येईल : माणसांनी रिकामे झालेले पठार जळणाने भरत होते.

या पठारावर जन्मलेले आणि शिलाचित्रकार म्हणून कीर्ती पावलेले बार्डायाल लॉफ्टी नाजामेरेक यांनी वृद्धपणी आपल्या लोकांना परत नेण्याचा ध्यास घेतला. २००९ साली त्यांचे निधन झाले. पण त्यापूर्वी कबुल्वार्नाम्यो येथे वस्ती झाली होती आणि वार्डेकेन ही भूमिव्यवस्थापनाची संस्था उभी राहिली होती. २००६ साली एक करार झाला. डार्विन येथील द्रवीभूत नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाने आपल्या उत्सर्जनाच्या अंशतः भरपाईसाठी सतरा वर्षे प्रतिवर्षी सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यावेत आणि स्थानिक वनरक्षक गटांनी सुमारे २८,००० चौरस किलोमीटर प्रदेशात आरंभीच्या थंड ऋतूतील जाळणी पुन्हा सुरू करावी, असे ठरले. हा प्रदेश आपल्या कोल्हापूर, सातारा आणि सांगली या तीन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाहून किंचित मोठा आहे. आता पायी फिरण्याबरोबर हेलिकॉप्टरचा आणि उपग्रहचित्रांचाही उपयोग होतो. काडीबरोबर यंत्राने टाकलेल्या पेटत्या गोळ्याही आल्या. परंतु केव्हा आणि कोठे, याचा निर्णय भूमीच्या वारसांशी विचारविनिमय करून होतो.

फलित असे. कराराच्या पूर्वीच्या दशकात दरवर्षी या प्रदेशाचा सुमारे एक-तृतीयांश भाग ऋतूच्या उत्तरार्धात जळत असे. नंतरच्या काही वर्षांत ते प्रमाण एक-दशांशाच्या आसपास आले आणि आरंभीच्या सौम्य जाळणीचे प्रमाण त्या मानाने वाढले. आग नाहीशी झाली नाही. तिचा महिना बदलला, आणि एकंदर उत्सर्जनही घटले. १९६९ साली पुरातत्त्वज्ञ रिस जोन्स यांनी या परंपरेला उद्देशून 'कोलितशेती' अशा अर्थाचा एक शब्द इंग्रजीत घडविला होता. त्या शब्दाने ऑस्ट्रेलियातील सुशिक्षितांना प्रथम हे जाणवले की आदिवासींची आग हा अविचार नसून मशागत आहे. चांगला पारिभाषिक शब्द काय करू शकतो याचे हे एक उदाहरण. अर्थात ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील दाट निलगिरीच्या अरण्यांना, जेथे २०१९-२० च्या उन्हाळ्यात भयानक आगी लागल्या, हा उपाय जसाच्या तसा लागू पडेल असे मुळीच नाही. गवताळ रानातील ऋतुक्रम आणि जळण तेथे नाही.

भारतात या प्रश्नाचा इतिहास निराळ्या दिशेने सुरू झाला. १८६० च्या दशकात डीट्रिख ब्रांडिस यांच्या प्रोत्साहनाने मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात पिअरसन या अधिकाऱ्याने आग सर्वस्वी दूर ठेवण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी झाला असे मानले गेले आणि 'अग्निसंरक्षण' हा वनखात्याचा जणू कुळाचार झाला. त्याला खात्यातूनच हरकत निघाली. १८९६ साली 'इंडियन फॉरेस्टर' मध्ये स्लेड यांनी ब्रह्मदेशात अग्निसंरक्षणाचा अतिरेक होत आहे अशा आशयाचा लेख लिहिला. ओलसर जंगलात आग थांबल्यामुळे सागाची रोपे इतर झाडोऱ्याखाली गुदमरतात, हा त्यातील मुद्दा. पुढे बंगाल-आसामकडील सालाच्या ओल्या वनांतही तोच अनुभव आला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियंत्रित जाळणीला तेथे मान्यता मिळाली. म्हणजे तज्ज्ञांच्या वर्तुळात हा भेद सव्वाशे वर्षांपूर्वीच कळून चुकला होता. कायद्याच्या भाषेत मात्र तो उतरला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ राखीव वनात आग लावणे हा अपराध ठरविते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३० अभयारण्यास आग लावण्याची मनाई करते. लावणारा कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी, याचा भेद त्या मनाईत नाही. कायद्याला एवढी बारकाई परवडत नाही, असे कोणी म्हणेल. पण मग ती कोठे तरी अन्यत्र असली पाहिजे.

ती नसली म्हणजे काय होते हे कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांत पाहावयास मिळते. तेथील सोलिग लोक थंडी सरतासरता जमिनीवरील वाळलेला पाला जाळीत. त्या आगीला त्यांच्या बोलीत 'तरगु बेंकी' म्हणतात. तरगु म्हणजे पाचोळा. ही आग गुडघ्याच्या वर क्वचितच जाई. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले, फिरती शेती आणि जाळणी दोन्ही थांबली. त्यानंतर घाणेरीचे रान माजले. १९९७ आणि २००८ साली त्याच प्रदेशातील नमुनाक्षेत्रांची पाहणी झाली, तेव्हा घाणेरी असलेल्या क्षेत्रांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे ८० टक्क्यांवर गेल्याचे दिसले. सोलिगांचे म्हणणे असे, की पाचोळ्याची आग घाणेरीची कोवळी रोपे आणि आवळ्यावरील बांडगुळे दोन्ही आटोक्यात ठेवीत असे. घाणेरी वाढण्यास आणखीही कारणे असतील. पण ती एकदा माणसाच्या उंचीची झाली म्हणजे पाचोळ्याची आग पाचोळ्याची राहत नाही, ती झुडपांवरून झाडांवर चढते. तेव्हा आज तेथे पूर्वीची जाळणी नुसती पुन्हा सुरू करूनही भागणार नाही. आधी घाणेरी तोडावी लागेल. चुकीच्या वर्गीकरणाची किंमत अशी चक्रवाढीने वाढते.

आता सह्याद्रीकडे येऊ. 'वणवा' या शब्दाचा पहिला घटक 'वन' हा आहे याविषयी शंका नाही. दुसरा 'दव' की 'वह्नि' याबद्दल मतभेद संभवतो. संस्कृतात 'दव' आणि 'दाव' हे शब्द अरण्य आणि अरण्यातील अग्नी या दोन्ही अर्थी येतात. अमरकोशाने तसे नोंदले आहे. मराठीतील 'दव', जे रात्री पडून सौम्य आगी विझविते, त्याचा याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु व्युत्पत्तीपेक्षा आजचा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. वणवा 'लागतो', 'पेटतो', 'पसरतो'. ही सारी अकर्मक क्रियापदे. वास्तविक आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, वीज पडून लागणारे फारच थोडे. 'वणवा लावला' असे सकर्मक रूप आहे, पण ते केवळ दुसऱ्याच्या संदर्भात, दोषारोप म्हणून वापरले जाते. स्वतःच्या बांधावरील गवत पेटविणारा शेतकरी आपल्या कृतीला वणवा म्हणत नाही. तो 'बांध जाळतो', 'गवत जाळतो', 'राब भाजतो'. ती आग हद्द ओलांडून गेली की मग तिला वणवा हे नाव मिळते. म्हणजे वणवा हे कृतीचे नाव नसून परिणामाचे नाव आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे 'वणवा लावू नका' या सरकारी फलकाचे काय होते ते उघड दिसते. ज्याला तो उद्देशून आहे त्याच्या शब्दकोशात तो त्याला उद्देशून नाहीच. वणवा लावण्याचा त्याचा विचार कधीच नव्हता. फलक लिहिणाऱ्याच्या मते 'वणवा' या शब्दात रानातील प्रत्येक आग येते. वाचणाऱ्याच्या मते फक्त हाताबाहेर गेलेली. एकाचा शब्द फार सैल, दुसऱ्याचा फार आवळ. आणि ज्या अर्ध्या तासाविषयी बोलणे आवश्यक होते, म्हणजे बांधावर काडी लावण्यापासून आग पलीकडच्या उतारावर जाईपर्यंतचा काळ, त्याविषयी कोणीच काही बोललेले नसते. एप्रिलमधील दुपार, चढाचा वारा, बांधापासून रानापर्यंत सलग उभे वाळले गवत, जवळ मदतीला दुसरा माणूस नाही : फलकाने या चार गोष्टींची नावे घेतली असती तर तो निदान समजला असता.

राबाची गोष्ट वेगळी आणि अधिक रंजक आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचे किंवा नाचणीचे रोप तयार करण्याच्या तुकड्यावर कवळ, म्हणजे तोडलेल्या पालेदार डहाळ्या, त्यावर पातेरा, गवत, शेण आणि वर मातीचा थर घालून ते उन्हाळ्यात भाजतात. आगोटीपूर्वी हे काम उरकावे लागते. याला राब, भाजणी, भाजावळ अशी स्थलपरत्वे नावे आहेत. मातीच्या थरामुळे ही आग धुमसते, भडकत नाही. एकोणिसाव्या शतकात राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या वादात फांद्या, हक्क आणि महसूल यांची चर्चा झाली. राब हे एक प्रकारे जळणाचे स्थलांतर आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. रानातील पातेरा आणि गवत गोळा होऊन मातीखाली भाजले जाते, तेव्हा ते रानात पेटण्यासाठी उरत नाही. राबामुळे झाडांची हानी होते हा आक्षेप खोटा नाही. ओरबाडलेले ऐन ठाण्याच्या डोंगरांवर अनेकांनी पाहिले असतील. परंतु हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

वनखात्याचा 'जाळरेषा' हा शब्द मला उत्तम वाटतो. पट्ट्यातील गवत कापून, भोवतालचे रान पुरते वाळण्यापूर्वी ते जाळून टाकावयाचे, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला तेथे खाद्य मिळत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरला जातो. रेषा त्यापूर्वी तयार हव्यात. आग अडविण्यासाठी आग, ही कल्पना या शब्दात सरळ व्यक्त झाली आहे. उलट 'नियंत्रित जाळणी' या भाषांतरित शब्दाबद्दल मी साशंक आहे. त्यातून नियंत्रण कोणाचे तेवढे सूचित होते. केव्हा, कोणत्या ओलाव्यात, कोठवर, हे काहीच कळत नाही. पहाटेचे दव गवतावर असते त्या दिवसांतील जाळणीसाठी 'दहिवरातली जाळणी' असे म्हटले, तर खेड्यातील माणसाला काळही कळेल आणि प्रमाणही. अर्थात सह्याद्रीत अशी जाळणी सरसकट करावी असे मी सुचवीत नाही. आर्नहेम लँडच्या गवताळ रानातील झाडे हजारो वर्षे आगीच्या सहवासात वाढली. आपल्या घाटमाथ्यावरील सदाहरित राया आणि देवराया आगीला अजिबात सरावलेल्या नाहीत. तीव्र उतारावर मे महिन्यात गवत जाळले तर उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. पुष्कळ ठिकाणी विळा हाच योग्य उपाय ठरेल : ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताची कापणी होऊन ते गोठ्यात गेले, तर मार्चमध्ये जळण्यास फारसे उरत नाही. जेथे गुरे कमी झाली आणि कापणी सुटली, तेथे डोंगर हिरवा दिसतो म्हणून समाधान मानणे हे पुन्हा पिंपाला रिकामे म्हणण्यासारखे आहे.

या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही दिशा सुचवितो. 'वणव्याला तुमच्याकडे काय म्हणतात' असा प्रश्न विचारू नये. त्याने उत्तर आधीच ठरून जाते. त्याऐवजी महिनावार विचारावे : या महिन्यात काय जाळता, त्याला काय म्हणता, कोणत्या वेळी पेटवता, कशाने विझते. पाचोळा, पातेरा, पतेरा, कवळ, गवताच्या वाळण्याच्या अवस्था यांची नावे प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊन नोंदवावीत. जाळणे, भाजणे, पेटवणे, लावणे या क्रियापदांची कर्मे कोणती येतात आणि कोणती येत नाहीत याची यादी करावी. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी यांच्या वस्त्यांतून स्वतंत्र नोंदी घ्याव्यात, कारण रानाशी त्यांचे संबंध एकसारखे नाहीत. गवत कापणे आणि कवळ तोडणे ही कामे पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात. त्यांची शब्दसंपत्ती पुरुषांकडून ऐकून लिहू नये. आणि आग लावण्याचा अधिकार कोणाचा, ती हद्दीबाहेर गेल्यास गावात जाब कोणाला विचारतात, हा प्रश्न शेवटी, ओळख झाल्यानंतर विचारावा. कायद्याच्या भीतीमुळे तो पहिल्या भेटीत विचारला तर बाकीची वहीही कोरीच राहण्याचा संभव असतो.